माकडटोप्या मालवणात

होस्टेलवरच्या मित्रांनो, डिसेंबरात सकाळी बादली घेऊन गरम पाण्याच्या रांगेत उभे राहता आणि "काय थंडी आहे राव!" म्हणता, तेव्हा मला मनातल्या मनात हसू येतं. मी निफाडचा. थंडीची बातमी आली की आमच्या तालुक्याचं नाव पेपरात ठरलेलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली उतरला होता. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला नाही. आणि आमचं घर द्राक्षावर चालतं.

त्यामुळे हिवाळ्यात सहलीला जाणं हा प्रकार आमच्या घराण्यात कुणी केलेला नव्हता. एकदा छाटणी झाली की मग डिपिंग, विरळणी, फवारण्या. माल गाडीत चढेपर्यंत घराबाहेर पडायचं ते लग्नाला नाहीतर मयताला. फिरायला जायचं मे महिन्यात, एप्रिलची खरड छाटणी उरकून, म्हणजे जेव्हा कुठेही जा, भाजूनच निघायचं. वहिनींना आमच्या घरी येऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या माहेरी बाग नाही, त्यामुळे हे सगळं त्यांना सुरुवातीला विचित्र वाटायचं, नंतर सवयीचं झालं.

मी दुसऱ्या वर्षाला होतो त्या हिवाळ्यात माऊची छाती भरली. माऊ म्हणजे दादाची धाकटी, अडीच वर्षांची. रोज रात्री दोनच्या सुमारास खोकला सुरू व्हायचा, मग वाफेचं मशीन, मग रडणं, मग तिचा मोठा भाऊ चिकू (वय वर्षं पाच) जागा होऊन "मला पण वाफ!" म्हणून रडायचा. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण जमलं तर काही दिवस उबदार हवेत न्या. डॉक्टरांना सांगायला काय जातं! सप्टेंबरअखेर छाटलेली बाग, डिसेंबर संपता संपता मण्यांत पाणी उतरायची वेळ. नेमकी याच वेळी थंडी वाढली तर मणी तडकतात आणि तडकलेला मणी कुणी घेत नाही.

दोन दिवस घरात कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "बागेचं मी बघतो. तुम्ही पोरीचं बघा." दादा म्हणाला, "तुम्ही एकटे?" अण्णा म्हणाले, "तू जन्मायच्या आधी कोण बघत होतं?" संपला विषय. माझी परीक्षा नुकतीच झाली होती, म्हणून सामान उचलायला माझी वर्णी लागली. आई, दादा, वहिनी, दोन पोरं आणि मी. मुक्काम मालवण.

आदल्या दिवशी पनवेलला मावशीकडे राहून सकाळी मांडवी एक्स्प्रेस धरली. कोकण रेल्वे म्हणजे सिव्हिलवाल्यांचं तीर्थक्षेत्र. ७४१ किलोमीटरचा मार्ग, डोंगर फोडून काढलेला, १९९८ साली पूर्ण सुरू झालेला. मी चिकूला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. त्याला फक्त वडे पाहिजे होते. माऊने मात्र स्वतःची सिस्टीम काढली. बोगदा आला की "लात्र झाली" म्हणून डोळे मिटायची, बोगदा संपला की "उठा उठा!" म्हणून आख्ख्या डब्याला उठवायची. समोरच्या सीटवरचे आजोबासुद्धा इमानेइतबारे झोपून उठत होते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा. ही रात्र काही संपेना. माऊने एक डोळा उघडून पाहिलं, मग दुसरा, आणि शेवटी खरंच झोपली.

कुडाळला उतरलो तेव्हा आमच्या अंगावर स्वेटर, पोरांच्या डोक्यावर माकडटोप्या आणि आईच्या खांद्यावर शाल. रिक्षावाला टोप्यांकडे बघून म्हणाला, "खंयसून इलात?" तीसेक किलोमीटर जाईपर्यंत एकेक कपडा उतरत गेला. मालवणात राहायचं घरगुतीच होतं. अंगणात माड, मागे समुद्राचा आवाज. खोलीत पंखा चालू होता! डिसेंबरात पंखा! आई बराच वेळ त्या पंख्याकडेच बघत होती.

लहान मुलांना घेऊन फिरायला गेलं की आपण काय बघायचं हे आपल्या हातात राहत नाही, हे माझं ठाम मत झालंय. तारकर्लीला आम्ही डॉल्फिन बघायला जाणार होतो; चिकूला खेकड्याचं एक बीळ सापडलं आणि आमचे दोन तास तिथेच गेले. सुरमई तळून समोर आली तरी पोरं खाईनात. घरमालकीण काकींनी नारळाच्या गोड रसात बुडवलेली खापरोळी दिली, तेव्हापासून पोरांनी दुसरं काही मागितलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मी तयारीनिशी गेलो होतो: १६६४ साली बांधायला घेतला, पायात शिसं ओतलं वगैरे. चिकूने एकच प्रश्न विचारला. चहूकडे खारं पाणी, मग इथल्या विहिरीचं पाणी गोड कसं? तिथे एक नाही, तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकून तो इतका खूश झाला की उत्तराची गरजच उरली नाही. माझी सुटका झाली.

पण दादाचं लक्ष कशातच नव्हतं. रोज रात्री नऊला अण्णांचा फोन यायचा. दादाचा पहिला प्रश्न, "पारा किती?" अण्णा म्हणायचे, "आहे आठ-नऊ. माऊ खोकली का?" तिसऱ्या दिवशी सकाळी पेपरात निफाडचा आकडा पाच दिसला. दादाने चहा अर्धा ठेवला आणि गाडीची चौकशी करायला निघाला. वहिनी पोरांचे कपडे वाळत घालत होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. एकेक चिमटा लावत राहिल्या. आई म्हणाली, "तू गेल्यानं थंडी कमी होणार आहे का?" दादा म्हणाला, "निदान शेकोट्या तरी पेटवीन." आई म्हणाली, "पोरगी सलग दोन रात्री झोपलीय. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि ही पण झोपलीय." 'ही' म्हणजे वहिनी. दादा पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने त्याने तो गार चहा संपवला. मग आम्ही सगळे पाण्यात गेलो.

त्या वेळी पाण्यात उभं राहून मला आमचं हीट ट्रान्सफर आठवलं, हसू नका. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, कोरड्या मातीची साधारण ०.८. माती दिवसा पटकन तापते आणि निरभ्र रात्री सगळी ऊब आकाशाला देऊन मोकळी होते. समुद्र ती धरून ठेवतो, म्हणून मालवणात पंखा आणि निफाडात दहिवर. आणि अण्णा पहाटे काय करतात? विहिरीचं कोमट पाणी ठिबकमधून बागेला देतात आणि ओळींच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात. पुस्तकात जे दोन चॅप्टर आहेत, ते ते रोज पहाटे चारला उठून करतात. त्यांना सूत्र माहीत नाही, मला पहाटे चारला उठणं माहीत नाही. असो.

परत आलो तेव्हा माऊ ठणठणीत होती आणि पूर्वेकडच्या चार ओळी गेल्या होत्या. "जातात थोडे मणी दरवर्षी," अण्णा म्हणाले आणि माऊला खांद्यावर घेऊन गोठ्याकडे गेले. दादा त्या ओळींतून एकदा फिरून आला. कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

निर्यातीच्या मालाला फवारणीची सगळी नोंद लागते. अण्णा ती एका डायरीत लिहितात आणि मी सुट्टीत कॉम्प्युटरवर चढवतो. गेल्या सुट्टीत चढवताना त्या डिसेंबरचं पान आलं. जसं आहे तसं उतरवतो:

ता. २५. पहाटे ६॥ अंश. पाणी दिले. फोन : पोरे पोचली, गरम होते म्हणाली.
ता. २६. पहाटे ५. धूर व पाणी. फोन : माऊ खोकली नाही.
ता. २७. पहाटे ४॥. धूर, पाणी. पूर्वेच्या ४ ओळी मणी तडकले. फोन : माऊ किल्ल्यावर चालली.
ता. २८. पहाटे ५. गंधक फवारणी. फोन : चिकूला खेकडा चावला, जास्त नाही.
ता. २९. पहाटे ७. पोरे रात्री येणार. दूध २ लि. जास्त ठेवणे.