मनगटावरचा टॅटू आणि स्मार्टवॉचमधली नाडी

पूर्वी रुग्ण तपासायला येताना रक्ताचे रिपोर्ट आणि जुना ईसीजी घेऊन यायचे. आता त्यांच्यासोबत मोबाइलमधले आलेखही येतात. "डॉक्टर, काल रात्री झोपेत ठोके ४४ दाखवले." "जिना चढलो की १५० होतात, हे नॉर्मल आहे का?" असे प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतात. मला या आकड्यांचा राग नाही. ठोके अनियमित असल्याचं काहींना घड्याळामुळेच पहिल्यांदा कळतं, आणि अशा लोकांवर वेळेत उपचार होतात. पण आकड्यावर बोलण्याआधी मी आता एक गोष्ट आवर्जून करतो. घड्याळ काढायला सांगतो आणि त्याखालची त्वचा बघतो.

याचं कारण टॅटू. मनगटावर 'आई', त्रिशूळ, राजमुद्रा, मुलीचं नाव हे सगळं आता सर्रास दिसतं. आणि स्मार्टवॉच बसतं ते नेमकं त्याच जागी.

घड्याळ नाडी कशी मोजतं?

घड्याळ उलटं करून पाहा. मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जास्त रक्त येतं, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. घड्याळातला सेन्सर ही चढ-उतार मोजतो आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके पडले हे ठरवतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. तत्त्व जुनंच आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ हर्ट्झमन यांनी १९३७ मध्येच बोटांमधला रक्तप्रवाह प्रकाशाच्या साहाय्याने टिपला होता.

म्हणजे घड्याळ हृदयाचं काही ऐकत नाही. ते त्वचेवर प्रकाश टाकतं आणि परत किती आला ते बघतं, एवढंच.

टॅटू काढताना सुई शाई सोडते ती त्वचेच्या वरच्या थरात नाही, तर त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. वरचा थर सतत झडतो, म्हणून तिथली शाई टिकली नसती. खालच्या थरात ती वर्षानुवर्षं राहते. पण घड्याळाला ज्या बारीक रक्तवाहिन्या 'बघायच्या' असतात, त्याही याच थरात आहेत. मध्ये शाईचा पडदा आला की प्रकाश रक्तापर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचला तरी परत येताना अडतो. गडद काळी, सलग भरलेली नक्षी सर्वांत जास्त त्रास देते. लाल शाईसुद्धा निर्दोष नाही. लाल रंग लाल दिसतो तोच मुळी हिरवा प्रकाश शोषल्यामुळे! बारीक रेषांची, मध्ये मोकळी जागा असलेली नक्षी असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही.

ही गोष्ट चर्चेत आली २०१५ साली. अ‍ॅपलचं घड्याळ त्या वर्षी एप्रिलमध्ये बाजारात आलं, आणि मनगटावर टॅटू असलेल्या काही ग्राहकांनी लगेच तक्रार केली की घड्याळ नाडी दाखवत नाही, हातात असूनही 'काढून ठेवलंय' असं समजून लॉक होतं. टॅटूची शाई, नक्षी आणि तिचा दाटपणा यांमुळे सेन्सरचा प्रकाश अडू शकतो, असं कंपनीनेच मग आपल्या माहितीत लिहिलं.

"मग आमच्या सावळ्या रंगाचं काय?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नैसर्गिक वर्णही थोडा प्रकाश शोषतो. पण तो अगदी वरच्या पातळ थरात असतो, आणि सिग्नल कमी पडला तर बरीच घड्याळं दिव्याची तीव्रता वाढवून घेतात. सलग काळ्या शाईपुढे हा उपाय पुरत नाही.

चुकीचा आकडा आणि न आलेला आकडा

तिशीतला एक तरुण हाफ मॅरेथॉनची तयारी करत होता. डाव्या मनगटावर रुंद काळा पट्टा गोंदवलेला. हळू धावतानाही घड्याळ १७० ठोके दाखवायचं, म्हणून घाबरून त्याने पळणं बंद केलं होतं. मी त्याला खुर्चीत पाच मिनिटं शांत बसवलं आणि नाडी मोजली. ७२. उजव्या हातात घड्याळ घातलं तेव्हा ७१ आले. डाव्या हातात घातल्यावर बराच वेळ नुसत्या दोन रेघा आल्या आणि मग एकदम ११०. धावताना दिसणाऱ्या १७० चं कोडंही सुटलं. त्याची पावलं मिनिटाला जवळपास तेवढीच पडत होती. रक्ताचा सिग्नल क्षीण असला की घड्याळ हाताच्या हिसक्यांनाच ठोके समजू शकतं. त्याचा ईसीजी आणि इतर तपासण्या ठीक आल्या. घड्याळ उजव्या हातात गेलं आणि तो पुन्हा पळू लागला.

चुकीचा आकडा निदान डॉक्टरकडे तरी आणतो. मला काळजी वाटते ती न आलेल्या आकड्याची.

सत्तरीच्या एका आजींना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याचा आजार. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू आहे. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने मोठ्या प्रेमाने आईला घड्याळ आणून दिलं. तीन महिन्यांनी दोघं आले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तीन महिन्यांत घड्याळाने एकदाही धोक्याची सूचना दिली नाही. आता आईची ती गोळी बंद करता येईल का?"

मी आजींचा हात हातात घेतला. नाडी अजिबात लयीत नव्हती. ईसीजीमध्येही फिब्रिलेशन स्पष्ट दिसत होतं. मग मोबाइल उघडून पाहिला. दिवसाच्या दिवस कोरे, मध्येच एखादं-दुसरं वाचन. घड्याळाखाली होतं आजींचं लहानपणचं गोंदण, हिरवट-काळ्या ठिपक्यांची दाट नक्षी. "सात वर्षांची होते, तेव्हा आईनं गोंदवून घेतलं," आजी म्हणाल्या. "सगळे दागिने इथंच राहतात डॉक्टर, गोंदण तेवढं सोबत येतं."

घड्याळाने सूचना दिली नव्हती, कारण त्याला फारसं काही दिसतच नव्हतं. मुलाने मात्र त्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा लावला. त्यात त्याचा दोष नाही. आपण सगळेच असा अर्थ लावतो. गजर वाजला नाही म्हणजे चोर आला नाही. पण गजराची तारच तुटलेली असेल तर?

मी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अनियमित ठोक्यांची सूचना देणारी सोय ही बऱ्याचदा आजाराचं निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी बनवलेली नसते. आणि घड्याळ अगदी उत्तम चाललं असतं तरी या गोळीचा निर्णय त्यावर होत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी पक्षाघात झाला आहे का, अशा गोष्टींवर तो होतो. आजींची गोळी चालूच आहे.

तुम्ही काय करावं?

• घड्याळ दुसऱ्या हातात घालून पाहा. दोन्ही मनगटांवर टॅटू असेल तर थोडं वर, मोकळ्या त्वचेवर सरकवा. पट्टा सैल नको, हात गार नकोत.

• स्वतः नाडी मोजायला शिका. पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या रेषेत, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी जाणवते) आणि पूर्ण एक मिनिट मोजा. हा आकडा आणि घड्याळाचा आकडा जवळपास जुळला पाहिजे. ठोके लयीत आहेत का, तेही बघा.

• मोबाइलमधला दिवसभराचा आलेख उघडा. मोठमोठी रिकामी जागा दिसली तर त्या काळात घड्याळ तुमच्यावर लक्ष ठेवून नव्हतं, असं समजा.

• घड्याळ सारखं लॉक होतं म्हणून 'मनगट ओळखण्याची' सेटिंग बंद करू नका. काही घड्याळांत त्यासोबत पडल्यावर आपोआप मदत बोलावण्याची सोयही बंद होते.

• व्यायामासाठी अचूक ठोके हवे असतील तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत संदेशावर चालतो. दंडाला बांधायचं बीपीचं मशीनही हवेच्या दाबावर चालतं. त्याला टॅटूचा अडथळा नाही, मात्र ठोके फार अनियमित असतील तर त्याचाही आकडा चुकू शकतो.

• बोटांच्या टोकांना दाट काळी मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही चुकू शकतो. लग्नघरात कुणी आजारी पडलं तर हे लक्षात ठेवा.

• आकड्यावरून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी कमी, जास्त किंवा बंद करू नका.

टॅटू काढण्यात यामुळे काही धोका नाही, आणि आहे तो काढून टाकण्याचीही गरज नाही. फक्त नवा काढणार असाल आणि घड्याळ वापरत असाल, तर एक मनगट मोकळं ठेवा.

आणि छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर घड्याळाकडे बघत बसू नका. १०८ ला फोन करा.