तेल पोचलं का?

जुनं डिझेल इंजिन खोलून पुन्हा बांधायला घेतलं, की खर्चाचा कागद ठरलेलाच असतो: लायनर, पिस्टन, रिंगा, क्रँकचं ग्राइंडिंग, बेअरिंगचा सेट, गॅस्केट. ब्लॉकच्या आणि क्रँकच्या पोटातून जाणाऱ्या तेलवाटांच्या नावाने त्या कागदावर सहसा एक ओळही नसते. वाटा विकत आणता येत नाहीत, वरून दिसत नाहीत, आणि गिऱ्हाईकही त्यांचं काही विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे, की बांधलेलं इंजिन किती टिकणार हे नव्या सामानापेक्षा या वाटांवर जास्त ठरतं. आणि वाटा मोकळ्या असल्याचे जे दोन पुरावे आपण रोज मान्य करतो, गेजचा काटा आणि कॉम्प्रेसरची हवा, ते दोन्ही अपुरे आहेत.

मराठवाड्यातल्या विहिरींवर, कन्नड-सिल्लोडपासून पैठण-गंगापूरपर्यंत, ज्या इंजिनांनी पिकं जगवली त्यांपैकी किर्लोस्करचं एव्ही-वन घेऊ. एक सिलिंडर, 80 मि.मी. बोअर, 110 मि.मी. स्ट्रोक, मिनिटाला 1500 फेरे, पाच हॉर्सपॉवर. लिस्टर पद्धतीची 650 फेऱ्यांची संथ इंजिनं चेंबरमधलं तेल उडवून भागवून न्यायची. एव्ही-वनमध्ये मात्र पंप तेलाला दाबाने मेन बेअरिंग, बिग एंड आणि कॅमच्या बुशपर्यंत नेतो. आता थोडा हिशोब करू. फायरिंगच्या क्षणी सिलिंडरमधला दाब चौरस सेंटिमीटरला 60 किलो धरला, तरी 80 मि.मी.च्या पिस्टनच्या साधारण 50 चौरस सेंटिमीटर माथ्यावर तीन टन भार येतो. तोही मिनिटाला 750 वेळा. पंपाचा दाब असतो दोन-तीन किलो. तेवढ्या दाबाने तीन टन तोलले जाणं शक्यच नाही. मग बेअरिंग वाचतं कसं? याचं उत्तर 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांच्या प्रयोगात मिळालं. रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासताना त्यांनी तेल सोडण्यासाठी त्याला वरून एक भोक पाडलं. आस फिरू लागताच तेल आत जायचं सोडून त्या भोकातून वर यायला लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. गेज लावल्यावर कळलं, की तिथला दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त आहे. फिरणारा जर्नल तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधल्या चिंचोळ्या फटीत ओढून घेतो आणि भार पेलणारा दाब तिथेच तयार होतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पंपाचं काम एवढंच, की त्या फटीला तेल कधी कमी पडू द्यायचं नाही. म्हणजे बेअरिंगच्या दृष्टीने खरा प्रश्न दाब किती हा नसून तेल किती पोचतं हा आहे.

हे एकदा पटलं, की गेजकडे बघण्याची नजर बदलते. गेज बसतं पंपाच्या बाजूला, गॅलरीच्या सुरुवातीला. पुढे कुठे वाट चोंदली तर तेलाला जायला जागा कमी पडते आणि काटा उलट वर सरकतो. बिग एंड कोरडा पडत असताना गेज उत्तम आकडा दाखवू शकतं. यावर कुणी म्हणेल, मग गेज लावायचंच कशाला? लावायचंच. काटा खाली बसला असेल तर ती खरीच धोक्याची सूचना असते: बेअरिंग खाल्लेलं असेल, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला असेल, किंवा सक्शनच्या पाइपातून पंप हवा ओढत असेल. कमी आकड्यावर विश्वास ठेवावा. चांगल्या आकड्यावर तेवढ्यानेच ठेवू नये. काटा उचलण्यासाठी जाड तेल ओतण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती याच गैरसमजातून आली आहे. जाड तेलाने आकडा वाढतो खरा, पण अरुंद वाटेतून पोचणारं तेल कमी होतं. आणि थंडीतल्या पहाटे, गव्हाच्या पाण्याच्या पाळीला इंजिन सुरू होतं, तेव्हा तर फारच कमी.

दुसरा पुरावा हवेचा. ब्लॉक डिझेलने धुतला, एका भोकात हवा मारली, पलीकडून फुर्रकन आली, की वाट साफ झाली असं समजतात. पण हवा तेलापेक्षा कितीतरी पातळ. सुईएवढी फट असली तरी ती जाते. तेलाचा नियम कडक आहे: भोकाचा व्यास निम्मा झाला, की त्याच दाबाला वाहणारं तेल सोळाव्या हिश्शावर येतं. 6 मि.मी.ची वाट आतून गाळ धरून 3 मि.मी.ची झाली असेल तर हवेच्या आवाजात तो फरक कानाला कळणार नाही. शिवाय हवा मोकळ्या वाटेने निघून जाते, आडव्या फाट्यांकडे वळतसुद्धा नाही. क्रँकमध्ये तर गाळाला बसायला जागाच असते. मेन जर्नलपासून क्रँकपिनपर्यंत तिरकं भोक पाडलेलं असतं आणि ड्रिल जिथून आत शिरलं ते तोंड प्लगने बंद केलेलं असतं. फिरण्याच्या जोराने तेलातले जड कण बाहेरच्या अंगाला फेकले जातात आणि प्लगच्या मागच्या बंद कोपऱ्यात, वर्षानुवर्षं, काळ्या डांबरासारखे दाबून बसतात. त्यातच ग्राइंडिंगला गेलेल्या क्रँकमध्ये दगडाची भुकटी भरते. ही भुकटी नव्या बेअरिंगच्या मऊ थरात रुतली, की सगळं ग्राइंडिंग वाया जातं. प्लग काढून आत सळई आणि ब्रश फिरवल्याशिवाय हा गाळ निघत नाही. मलिक अंबरच्या काळात औरंगाबादसाठी (आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी) जमिनीखालून नहर आणली, तेव्हा बांधणाऱ्यांनी जागोजागी उघडता येतील अशी तोंडं ठेवली होती, कारण वाहत्या वाटेत गाळ साचणारच हे त्यांना माहीत होतं. इंजिनातले प्लग ही तशीच तोंडं आहेत आणि आपण ती कधी उघडत नाही.

प्लग न काढण्यामागे मेकॅनिकचा आळस असतो असं मी म्हणणार नाही. गंजलेला प्लग काढताना त्याची खाच तुटते, कधी ड्रिल करून आटे नव्याने पाडावे लागतात, आणि ते करताना पडलेला धातूचा चुरा पुन्हा त्याच वाटेत जाऊ शकतो. परत बसवताना प्लग लांबीला जास्त झाला तर तोच आडव्या वाटेचं तोंड झाकतो. सैल राहिला तर तेल तिथूनच गळतं. ही भीती खरी आहे. म्हणूनच हे काम घाईत, ब्लॉक पेंट होऊन आल्यावर, करायचं नसतं. ते सगळ्यात आधी, धुण्याच्याही आधी करावं. नंतरच्या बारीक गोष्टीही तितक्याच मोलाच्या आहेत. कॅमचा बुश ठोकताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं का, हे बारीक तार घालून पाहावं. अर्धं झाकलं गेलेलं भोक वरून कधीच कळत नाही. ग्राइंडिंगनंतर जर्नलवरच्या तेलभोकाची कड नखाला लागते, ती हलक्या हाताने मारून गुळगुळीत करावी, नाहीतर ती प्रत्येक फेऱ्याला बेअरिंग खरवडते. आणि पुसायला सुताचे धागे सोडणारा बोळा वापरू नये.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. शेतकऱ्याचं पीक उभं आहे, त्याला इंजिन उद्याच हवंय, हे मला मान्य आहे. पण अर्ध्या दिवसाच्या या कामाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा एकदा क्रँक, बेअरिंग आणि भर हंगामात बंद पडलेलं पाणी आहे. आणि खात्री करायला महागडं यंत्र लागत नाही. पंपात तेल भरून घ्यावं, चेंबर लावण्याआधी गॅलरीत बाहेरून दाबाने तेल सोडावं आणि क्रँक हाताने सावकाश फिरवत प्रत्येक ठिकाणी पाहावं: दोन्ही मेन बेअरिंग, बिग एंड, कॅमचे बुश, आणि ज्या इंजिनात रॉकरलाही दाबाने तेल जातं तिथे रॉकर. सगळीकडून बारीक, सारखं तेल पाझरलं पाहिजे. एखाद्या ठिकाणी नुसती धार लागली तर तिथे फट जास्त आहे. एखादी जागा कोरडी राहिली तर तिथपर्यंतचा रस्ता पुन्हा उघडावा, मग बाकीचं इंजिन कितीही जुळून आलेलं असो. चेंबर लावल्यावर डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून, डिझेल न देता, हँडलने इंजिन फिरवत राहावं आणि मगच पहिली फायरिंग द्यावी. गिऱ्हाइकाला इंजिन देताना एवढं सांगावं, की पहिलं तेल नेहमीपेक्षा बरंच लवकर काढायचं आणि काढलेलं तेल फेकून न देता पांढऱ्या फडक्यातून गाळून दाखवायला आणायचं, कारण वाटेत राहून गेलेला कचरा पहिल्यांदा त्या फडक्यावरच सापडतो.