शुक्रवारचा वर्ग

उर्दूत स्वतःविषयी बोलताना 'हम' म्हणण्याची आमच्या घरात रीत आहे. अब्बा भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही 'हम'च म्हणत. मराठीत लिहायला बसलो की तोच 'हम' 'आम्ही' होऊन कागदावर उतरतो. यात मोठेपणा नाही, सवय आहे. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मोठेपणाची हौस आम्हाला दुसऱ्या ठिकाणी होती. ती कशी उतरली ते सांगायचे आहे.

आम्ही मालेगावच्या. नोकरी तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. डी.एड. होऊन नोकरी लागली, लग्न झाले आणि पुढचे सगळे शिक्षण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने घरबसल्या दिले. बी.ए. तिथून, बी.एड.ही तिथूनच. दिवसा शाळा, संध्याकाळी चूल, रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक. २०१८ साली बी.एड. झालो आणि पुढच्या वर्षी अभ्यासकेंद्राच्या संयोजक सरांचा निरोप आला, की नव्या विद्यार्थ्यांचा उद्बोधन वर्ग या वेळी तुम्ही घ्या. दोन्ही भाषा येणाऱ्या तुम्हीच आहात.

'दोन्ही भाषा येणाऱ्या' हे शब्द आम्ही घरी तीन वेळा ऐकवले. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "सुना बेटा, दाल देखो, लग रही है."

उद्बोधन वर्ग म्हणजे प्रवेश घेतलेल्यांची पहिली भेट. ओळखपत्र कधी मिळेल, पुस्तके कुठून घ्यायची, संपर्क सत्रे कोणत्या रविवारी, गृहपाठ कसा लिहायचा, परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, हे सांगायचे. कॉलेजात रोज जाणाऱ्या मुलाला ही माहिती पायऱ्यांवर, कॅन्टीनमध्ये आपोआप मिळते. दूरशिक्षण घेणाऱ्याला ती मिळायची जागा बहुधा हीच. पुढे तो त्याच्या घरात एकटा आणि पुस्तक एकटे. म्हणून हा एक दिवस बिघडला तर वर्ष बिघडते. हे आज लिहितो आहोत. त्या दिवशी आमच्या डोक्यात भाषण होते.

अकरा पाने लिहून काढली होती. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आपल्याकडे १९८२ साली हैदराबादला, १९८५ साली दिल्लीत इग्नू, १९८९ साली नाशिकला आपले. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. सगळे खरे होते, आणि सगळे पाठ होते. अध्ययन, स्वयंअध्ययन, मूल्यमापन, उद्दिष्टे असे शब्द एकामागून एक जात होते. संयोजक सर पहिल्या रांगेत मान डोलवत होते. आमची नजर त्यांच्यावरच होती.

नवे विद्यार्थी मागून पुढे बसत जातात. शेवटची रांग आधी भरते. त्या रांगेत यंत्रमागावरची दोन मुले होती, एक रिक्षावाले भाऊ होते, नुकत्या बारावी झालेल्या पाच-सहा मुली होत्या आणि बुरख्यातल्या, चाळिशीच्या आसपासच्या एक बाई होत्या. आम्ही 'काही शंका?' असे विचारले तेव्हा त्याच उठल्या.

"बाजी, किताबें मराठीच में आती क्या?"

साधा प्रश्न होता. घरी, बाजारात, शाळेत आम्ही ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत विचारलेला. त्याच भाषेत 'हाँ आपा, मराठी में हैं, पर घबराओ मत' एवढे म्हटले असते तरी झाले असते. आम्ही सरांकडे पाहिले आणि उत्तर दिले, "या अभ्यासक्रमाचे अध्ययन साहित्य मराठी माध्यमातून उपलब्ध करून देण्यात आलेले आहे. विद्यार्थ्यांनी भाषिक क्षमता विकसित करणे अपेक्षित आहे."

बाई खाली बसल्या. चहा झाल्यावर दिसल्या नाहीत. बाहेर सर म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी उत्तम." हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो.

पुस्तके वाटायची वेळ आली तेव्हा रजिस्टरमध्ये एकाच नावापुढची सहीची जागा कोरी राहिली. सुतळीने बांधलेला तो गठ्ठा कार्यालयाच्या कपाटात खालच्या कप्प्यात पडून होता. प्रत्येक संपर्क सत्राला कपाट उघडले की तो दिसे. दुसऱ्या महिन्यात रजिस्टरमधला पत्ता लिहून घेतला आणि एका संध्याकाळी त्यांच्या गल्लीत गेलो.

मालेगावातल्या माग असलेल्या गल्लीत शिरले की खटखट कानातून छातीत उतरते. बाई दाराशी बसून कांड्या भरत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, चटई टाकली, पाणी दिले. तक्रारीचा एक शब्द नाही. आम्हीच विषय काढला.

"आप का मराठी बहोत अच्छा है बाजी," त्या म्हणाल्या. "हम को समझा नहीं. लगा, ये पढ़ाई आप जैसे लोगों की है."

आम्ही भाषेचे काहीतरी सांगू लागलो, तर त्यांनी दुसरे कारण पुढे केले. आमचा चेहरा पाहून केले असावे. आमच्या शहरात मागांची सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी सगळे माग चालू. माग चालू म्हणजे कांड्या हव्यात, कारागिरांचा चहा हवा, दुपारचे जेवण हवे. "इतवार को घर से कौन निकलने देगा?" सत्रे रविवारी, हे आम्ही भाषणात ऐटीत सांगितले होते. याच शहरात जन्मलो, मागांचा आवाज ऐकत वाढलो, आणि समोर बसलेल्यांची सुट्टी कोणत्या वारी हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवतात. त्यात पहिला रकाना असतो 'पूर्वज्ञान'. विद्यार्थ्याला आधी काय येते ते ओळखायचे आणि तिथून पाठ सुरू करायचा. असे कितीतरी रकाने आम्ही सुवाच्य अक्षरात भरले, तपासनिसांच्या सह्या घेतल्या. त्या रविवारी मात्र समोरच्यांचे पूर्वज्ञान विचारले नव्हते. आमचे स्वतःचेही आठवले नव्हते. ते फार दिमाखदार नव्हतेच. बी.ए.च्या पहिल्या परीक्षेत आम्ही उत्तरपत्रिकेचे मुखपृष्ठ नीट भरले आणि घाबरून, उर्दूच्या सवयीने, ती उलटी करून शेवटच्या पानापासून लिहू लागलो होतो. पर्यवेक्षक बाईंनी पाहिले म्हणून निभावले. 'ळ' जिभेवर बसायला वर्षे लागली. 'शाळा' म्हणायचे ठरवून तोंडातून 'शाला'च निघे. किताब उर्दूत स्त्रीलिंगी, तिचे पुस्तक झाले की मराठीत नपुंसकलिंगी; 'ती पुस्तक' म्हटल्यावर एकदा अख्खा वर्ग हसला होता. हे सारे आम्ही असे पुरून टाकले होते, की जणू मराठी बोलतच जन्मलो.

संयोजक सरांकडे एक खोली मागितली, शुक्रवारी दुपारी, जुम्म्यानंतर. मानधन नाही, नोंद नाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग किल्ली दिली आणि म्हणाले, "पंखा लावून जाऊ नका." शुक्रवारी शाळेतून निघून, बस गाठून वर्गात पोहोचायला आमची तारांबळ उडते. घरात त्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही.

पहिल्या शुक्रवारी सात जण आले. आम्ही उत्तरपत्रिकेची गोष्ट सांगितली, त्यांच्याच बोलीत. रिक्षावाले भाऊ एवढे हसले की डोळे पुसावे लागले. एक मुलगी मात्र हसली नाही. तिने हळूच विचारले, "बाजी, आप को भी डर लगता था?" तो प्रश्न आजवर आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्हीही विचारला नव्हता.

मग फळ्यावर शब्द लिहिले: अर्ज, मुदत, तारीख, हजेरी, दाखला, कागद, शाई, हिशेब, शिफारस, जबाबदारी. वाचा म्हटले. देवनागरी जुळवत जुळवत वाचले आणि एकेकाच्या चेहऱ्यावर ओळख पटू लागली. अरे, ही तर आपलीच. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीने शेकडो वर्षे वापरले. शिवकालात राज्यव्यवहारकोश करून राज्यकारभारात त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा प्रयत्न झाला, तरी कचेरीतून आणि घरातून ते गेले नाहीत. परीक्षेच्या अर्जात 'मुदत' आहे, 'तारीख' आहे. मागावरचा मुलगा म्हणाला, "मतलब फॉर्म तो आधा हमारा ही है." आमच्या अकरा पानांत असे एक वाक्य नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. त्या सातांपैकी दोघांनी पहिल्याच वर्षी सोडले. एक भिवंडीला गेला, एकीचे लग्न ठरले. शब्द ओळखीचे असले तरी अर्थशास्त्राचे पुस्तक अवघडच राहते, आणि अनुस्वार कुठे द्यायचा हे आम्ही आजही शब्दकोशात पाहतो. २०२० साली वर्ग मोबाइलवर गेला. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावचे नाव रोज बातम्यांत होते. अभ्यासाच्या गटावर निम्मे निरोप दुआंचे आणि निम्मे मयतीचे. त्या वर्षी उद्बोधन म्हणून आम्ही एवढेच विचारत होतो, घरात सगळे बरे आहेत ना?

रविवारचा मुख्य वर्ग आजही आम्हीच घेतो. आता अकरा पानांऐवजी एक चिठ्ठी असते. पहिल्या रांगेकडे न पाहता शेवटच्या रांगेकडे पाहून बोलायचे, हे अजून जमवावे लागते. नजर आपोआप पुढे जाते. एखादा प्रश्न येतो ज्याचे उत्तर आम्हाला ठाऊक नसते. 'माहीत नाही, विचारून सांगते' हे मास्तरकीच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत आमच्या तोंडून निघाले नव्हते. शाळेतल्या मुलांसमोर ते पहिल्यांदा म्हटले तेव्हा चौथीतला एक पोरगा म्हणाला, "बाजी, पक्का पूछना." घरी जाऊन पक्के विचारले.

तो गठ्ठा बरीच वर्षे कपाटात होता. कपाट बदलले तेव्हा शिपाईमामा रद्दीत घालणार होते. आम्ही मागून घेतला आणि घरी ठेवला. बाईंच्या गल्लीतून नंतरही दोन-तीनदा गेलो. सलाम व्हायचा, चहा व्हायचा. अभ्यासाचे त्या काढत नसत, आम्हीही काढत नव्हतो. मागच्या साली प्रवेश सुरू असताना त्याच किदवाई रोडला भेटल्या. हातात सुताची पिशवी, सोबत नात.

"बाजी, वो जुम्मे वाला वर्ग अभी है क्या?"

"है आपा."

"कितने बजे?"

"तीन बजे."

त्या थांबल्या. नातीचा हात दुसऱ्या हातात घेतला. "तीन को तो नल आता है."

"फिर?"

"चार रखो."

केंद्रावर जाऊन नोटीस बोर्डावरचा तीनचा आकडा आम्ही खोडला आणि शेजारी चार लिहिला.