दुपार कुठे टेकवू?

दुपार आता कुठे जाते?

काळा घोड्याच्या रस्त्यावर ऊन असतं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या त्या घड्याघड्यांच्या छज्ज्याखाली सावली असते. आत भिंतींवर चित्रं, चित्रांपुढे माणसं. सगळं जागच्या जागी.

फक्त तू नाहीस, कॅफे समोवार.

तुझा उजेड आठवतो. तो रस्त्यावरच्या उन्हाचा नव्हता. झाडांनी आधी पोटभर पिऊन घेतलेलं ऊन, त्यातलं उरलेलं तू आम्हाला देत होतीस. शेजारच्या म्युझियमच्या बागेतून, पानापानांतून गाळून आलेलं. हिरवट. सावकाश. पुदिन्याच्या चहावर तो उजेड टेकायचा, पेरूच्या रसाच्या ग्लासात उतरून दाट व्हायचा, समोर बसलेल्याच्या अर्ध्या गालावर रेंगाळायचा. अर्धा गाल उजेडात, अर्धा सावलीत. त्या एका गालावरून किती जणांनी किती कागद काळे केले असतील!

आगगाडीच्या डब्यासारखी होतीस तू. लांबट, अरुंद. एका अंगाला गॅलरी, दुसऱ्या अंगाला बाग.

आणि तरी, कधीच न सुटलेल्या त्या डब्यात शिरण्यासाठी, पनवेलहून डोळ्यांवरची झोप पुरती उतरण्याआधी निघून, वाशीची खाडी ओलांडताना पाण्यावर फुटणारी सकाळ खिडकीतून पाहत, व्हीटीला गर्दीबरोबर बाहेर फेकलं जाऊन, जे. जे.च्या चित्रकलेच्या वर्गात दुपारपर्यंत कोळशाने हात काळे करून, मग फोर्टातून, हुतात्मा चौकातून, कमानींच्या सावलीतून सावलीत पाय टाकत, खिशात एका चहापुरते पैसे आणि काखेत कागदांची सुरळी घेऊन मी येत असे, आणि तुझ्या दारात पाऊल पडलं की खांद्यांवरून सगळा प्रवास आपोआप खाली ठेवला जात असे.

मुंबईत घर नसलेल्या माणसाला दुपार फार मोठी असते.

दादर-गिरगावची मुलं घरी जाऊन जेवून परत येत. पनवेलच्या मुलीने कुठे जायचं? पाय दुखेपर्यंत चालायचं, फलाटावर बसायचं, नाहीतर तुझ्याकडे. एक चहा. त्यावर दोन तास. कुणी बिलाची बशी पुढे सरकवली नाही. कुणी टेबल पुसण्याच्या निमित्ताने उठवलं नाही.

आमचं गाव हमरस्त्यावरचं. घाटावर जाणारे, कोकणात उतरणारे, सगळे पनवेलला पोटाला आधार देऊन पुढे जातात. गाडीचं इंजिन गरम असतानाच वडा तोंडात. आमच्याकडची भूक घाईची. जेवण संपल्यावरही बसून राहता येतं, जेवलोच नसलो तरी बसून राहता येतं, हे मला तू शिकवलंस.

उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये तुला मांडलं. पुढे त्यांच्या लेकीनेही सांभाळलं. घरचं माणूस घरासारखं वावरत असलं की हॉटेलच्या भिंती मऊ होतात, असं मला वाटतं. तुझ्या झाल्या होत्या. चित्रकार हुसेन तिथे बसत. ज्यांचं नाव कुणालाच कधी कळलं नाही, तेही तिथेच बसत. प्रदर्शनात चित्र विकलं गेलेला आणि एकही न विकलं गेलेला, दोघं एकाच ताटलीतला कीमा पराठा तोडत. कुणाचा घास जड होता, ते तुला कळत असणार.

तू बोलली नाहीस कधी.

पन्नास वर्षं नुसती ऐकत राहिलीस. नाटकांच्या पहिल्या ओळी, मोडलेली लग्नं, उसने मागितलेले पैसे, एकमेकांच्या चित्रांवरून काढलेली भांडणं. ते सगळं कुठे ठेवलंस? ३१ मार्च २०१५ ला शेवटचा चहा देऊन दार ओढून घेताना ते आतच राहिलं, की बागेतल्या झाडांनी उचलून नेलं?

संध्याकाळी मी पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठाने चालते. पाण्यावर ऊन तिरपं येतं. सुंदर असतं. पण ते सरळ येतं, उघडं. मधे पान नाही, भिंत नाही, समोर गाल नाही. मी त्याच्याकडे बघते आणि मला तुझी खिडकी हवी होते.

जहांगीरला अजून जाते मी. जाणं सुटत नाही. परवा एका तरुण मुलीचं प्रदर्शन होतं. तिने दालनाच्या दारात मला गाठलं. डोळे तापल्यासारखे, तळहाताला रंग. म्हणाली, ताई, खरं सांगा, कसं वाटलं? माझे पाय सवयीने वळले. तीही माझ्याबरोबर दोन पावलं आली, कुठे जायचं आहे हे न विचारता. मग आम्ही दोघी थांबलो. पायऱ्यांवर उभ्या राहिलो. समोरून गाड्या जात होत्या. मी म्हटलं, छान आहे, काम करत राहा. तिने मान हलवली.

तिचं ते निळं मोठं चित्र मला आवडलं नव्हतं. का नाही, ते तिला नीट सांगायला निदान तासभर समोरासमोर बसायला हवं होतं.