आमचं एन्व्हायर्नमेंट

फर्स्ट इयरला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हटलं की डोळ्यांसमोर यायचं ते झाडं लावा-झाडं जगवाचं पोस्टर आणि एका रात्रीत वाचून काढायचा पेपर. थर्ड इयरला त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गळ्यात पडला : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स! मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. यात पाणी आहे, टँकर आहे आणि कसारा घाटसुद्धा आहे. (मी कॉन्व्हेंटची. पण संपादकांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच हे छापलंय, तेव्हा बिनधास्त वाचा.)

मी खर्डीची. कसाऱ्याच्या दोन स्टेशनं अलीकडे. कल्याणहून निघालेली मेल गाडी कसाऱ्यापर्यंत आपल्या इंजिनावर येते. पुढे घाट, चढ १ इन ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून कसाऱ्याला बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढून घेतात. डबे तेच, पॅसेंजर तेच, भांडणंही तीच. जागा बदलली म्हणून फक्त सोय बदलली. उद्या कुणी म्हणालं की शेवटच्या डब्याला बँकर कायमचं वेल्ड करून टाकू, तर आपण त्याला वेड्यात काढू.

प्रोग्रॅममध्ये मात्र हे वेल्डिंग सर्रास चालतं. माझ्या लॅपटॉपवर टेस्टिंगचा डेटाबेस, लॅबमधल्या सर्व्हरवर खरा डेटाबेस; पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा, पोर्ट वेगळा. कोड एकच. मग जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी कोडच्या बाहेर ठेवायच्या आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हातात द्यायच्या. कल्पना जुनी आहे, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची. रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलेल्या नोड जेएसमध्ये त्या ‘प्रोसेस डॉट एन्व्ह’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये मिळतात.

आमच्या ग्रुपचं मिनी प्रोजेक्ट नोडमध्येच होतं. विषय मी सुचवलेला. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचे नळ आमच्या पाण्यावर चालतात. आणि एप्रिल उजाडला की आमच्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. टँकर कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसतं, मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून साधी सोय केली : टँकर भरून निघाला की पाड्यावरच्या बायांना मेसेज जाणार. साठेक नंबर जमवले. ते आईने घरोघर फिरून, वहीत लिहून आणले. “पोरीच्या कॉलेजचं काम आहे,” एवढ्यावर बायांनी नंबर दिले. कुणी फॉर्म मागितला नाही की सही.

आता मुद्दा. डेटाबेसचा पासवर्ड आणि मेसेज पाठवणाऱ्या सेवेची की, दोन्ही कुठे ठेवायची? आमच्यातला एकजण म्हणाला, “अगं, कोडमध्येच टाक ना! कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, कोण बघायला येतंय?” मी म्हटलं, “त्यात माझ्या काकूचा नंबर आहे.” तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. तेव्हा त्याला उबरची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये हॅकर उबरच्या इंजिनिअरांच्या प्रायव्हेट गिटहब रिपॉझिटरीत शिरले, तिथे त्यांना क्लाउडची की सापडली आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ते जाहीर झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर आमची साठ नावं कोण वाचवणार? आणि पासवर्ड एकदा गिटमध्ये कमिट झाला की नंतर ओळ खोडून उपयोग नसतो, जुन्या हिस्टरीत तो तसाच राहतो. मग एकच उपाय : कुलूप बदलणं.

म्हणून आम्ही ‘डॉट एन्व्ह’ नावाची फाइल केली, एकेका ओळीवर नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. ती गिटइग्नोरमध्ये टाकली. सोबत दुसरी नमुना फाइल, तिच्यात फक्त नावं, किमती रिकाम्या. ती मात्र सगळ्यांसाठी रिपॉझिटरीत. पूर्वी ही फाइल वाचायला नोडमध्ये डॉटएन्व्ह नावाचं पॅकेज लागायचं. २०२३ मध्ये आलेल्या २०.६ आवृत्तीपासून नोडला ‘एन्व्ह-फाइल’ हा पर्याय दिला की तो स्वतःच वाचतो. बन तर न सांगताच वाचतो. डालसाहेबांचंच नंतरचं डेनो मात्र माझ्या आजीसारखं आहे. आजी अनोळखी माणसाला आधी “तू कुणाचा?” विचारते, मगच ओटीवर घेते. डेनोसुद्धा परवानगी दिल्याशिवाय प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंटला हात लावू देत नाही.

दोन-तीन गमती ज्युनिअर्ससाठी. इथे येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग असते. ‘फॉल्स’ लिहिलंत तरी ती पाच अक्षरी स्ट्रिंगच, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरीच वाटते. पोर्ट ३००० मध्ये १ मिळवायला गेलात तर ३०००१ मिळेल! सगळ्या किमती आहेत की नाहीत ते प्रोग्रॅम सुरू होतानाच तपासा आणि एखादी नसेल तर तिथेच थांबवा. रात्री दोनला टँकरचा मेसेज अडकण्यापेक्षा ते बरं. आणि ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कोडमध्ये गुपित ठेवूच नका, ते कुणालाही उघडून वाचता येतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. एका प्रोसेसने दुसरी सुरू केली की आईचं एन्व्हायर्नमेंट मुलीला मिळतं, पण ती असते कॉपी. मुलीने तिच्यात काहीही बदललं तरी आईकडचं जसंच्या तसं. हॉस्टेलवर आपण सगळे तसेच की! घरची भाषा, सवयी, धाक बॅगेत भरून आलो आणि इथे हवे तसे बदल केले. मी शाळेत इंग्रजी, मेसमध्ये हिंदी आणि फोनवर आईशी “काय करतंस?” घरी कुणाला माझ्या बदलांचा पत्ता नाही. एक फरक आहे. प्रोसेसला मागे काही पाठवता येत नाही, मला येतं. आई आता शेजारच्या वैनींना बजावते, “ओटीपी कोणाला सांगू नका गं.” ते मी पाठवलेलं.

पुढच्या वर्षी हे प्रोजेक्ट ज्युनिअर्सकडे जाईल. त्यांना कोड मिळेल, नमुना फाइल मिळेल, आईच्या वहीची गोष्टही मिळेल. आमच्या किया मात्र आम्ही त्या दिवशी रद्द करणार आहोत. नव्या त्यांच्या त्यांनी काढायच्या, आणि काढण्याआधी एकदा खर्डीला येऊन त्या साठ बायांना भेटून जायचं. अट एवढीच.