विमान, आगगाडी की आगबोट?

बीदरच्या माणसाला विमानाचे अप्रूप वाटण्याचे खरे तर कारण नाही. वायुदलाच्या प्रशिक्षणाची विमाने आमच्या डोक्यावरून घरघरत जातात, आणि सूर्यकिरण पथकाच्या कवायती आमच्या मुलांनी घराच्या गच्चीवरून पाहिल्या आहेत. परंतु विमान डोक्यावरून जाणे निराळे आणि आपण विमानात बसून जाणे निराळे. नागरी विमानसेवा बीदरला २०२० च्या फेब्रुवारीत आली, मध्यंतरी खंडित झाली, पुन्हा सुरू झाली. परदेशी जायचे म्हटले की मात्र आम्हाला हैदराबादची वाट धरावी लागते. समुद्र तर आमच्यापासून शेकडो मैल दूर. अशा या गावातील आमच्या घरी २०२५ च्या संक्रांतीला, तिळगूळ खाऊनही गोड होईना असा एक वाद उभा राहिला. श्रीलंकेला जायचे ते विमानाने, आगगाडीने की आगबोटीने, हा तो वाद.

प्रवास आठ दिवसांचा आणि माणसे चार. माझे थोरले बंधू म्हणजे आमचे दादा, वय पंचाहत्तर; मी, माझी पत्नी आणि हैदराबादेत नोकरीला असलेला आमचा मुलगा. दादांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसविलेला. त्यामुळे हा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नव्हता.

लंडनला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना असा पेच नेहमीचाच असेल. पॅरिसला जायचे तर विमान आहे, डोव्हरहून कॅलेपर्यंत बोट आहे आणि १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडीही आहे. आपल्याकडे असा पर्याय एके काळी लंकेच्या वाटेवर होता. १९१४ साली पांबनचा पूल खुला झाला आणि मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत आगगाडी, तेथून तलाईमन्नारपर्यंत आगबोट आणि पुढे कोलंबोपर्यंत पुन्हा आगगाडी असा सलग प्रवास सुरू झाला. तिकीट एकच असे. समुद्राचा टप्पा जेमतेम पस्तीस किलोमीटरांचा. या गाडीला लोक 'बोट मेल' म्हणत.

ही बोट दादांनी प्रत्यक्ष पाहिली होती. १९६३ साली आई-वडील काशी करून रामेश्वरला गेले, तेव्हा तेरा वर्षांचे दादा त्यांच्याबरोबर होते. मी चार वर्षांचा, आजीपाशी गावी ठेवलेला. धनुष्कोडीला समुद्रस्नान आटोपल्यावर धक्क्यावर बोटीत चढणारे उतारू पाहून दादांनी हट्ट धरला. वडिलांनी त्यांना समजाविले, "परदेशी जायला परवाना लागतो बाळ. पुढच्या खेपेला पलीकडे जाऊ." त्यानंतर वर्षभरातच, २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री, चक्रीवादळाने धनुष्कोडी धुऊन नेली, पांबनहून निघालेली गाडी उतारूंसह लाटांनी गिळली. पुढे बोट रामेश्वरहून सुटू लागली. परंतु संसाराच्या ओढाताणीत आमच्या घरी 'पुढची खेप' आलीच नाही. १९७९ साली वडील गेले. लंकेत यादवी पेटल्यावर १९८० च्या दशकात ती बोटही थांबली.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिणम ते जाफन्याजवळचे कांकेसंतुराई अशी नवी प्रवासी बोट सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा दादांनी तिचे कात्रण कापून वहीत ठेवले. ती सेवा वादळी हवामानामुळे थोड्याच दिवसांत थांबली आणि १६ ऑगस्ट २०२४ ला पुन्हा सुरू झाली. दुसरे कात्रण पहिल्याच्या शेजारी बसले. एवढे सारे झाले तरी दादा तोंडाने काही बोलले नव्हते. आमचा मुलगा जेव्हा "आपण सारे लंकेला जाऊ, विमानाची तिकिटे मी काढतो," म्हणाला, तेव्हा त्यांनी वही पुढे सरकविली.

मुलाने कागद घेऊन हिशेब मांडला. हैदराबादहून कोलंबोस थेट विमान, सुमारे दोन तासांचे. समुद्रमार्गाने मात्र बीदर ते हैदराबाद, तेथून रात्रभराच्या गाडीने चेन्नई, पुढे आणखी एका रात्रीची गाडी आणि मग चार तासांची बोट. दोन तासांसमोर तीन दिवस! दादांनी चष्मा लावून तोच कागद पुढे लिहायला घेतला. बीदर ते शमशाबादचा विमानतळ, मोटारीने तीन तास. उड्डाणापूर्वी हजेरी, तीन तास. कोलंबोला उतरून जाफन्यापर्यंत सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे आगगाडीचे सहा-सात तास. दोन तासांचा आकडा पंधरांवर जाऊन बसला. तरीही पंधरा तास म्हणजे तीन दिवस नव्हेत, हे दादांनाही मान्य होते. शिवाय चेन्नईहून थेट जाफन्याला लहान विमान जाते, त्याने हा हिशेब आणखी आखूड होतो, हेही मुलाने दाखवून दिले.

सूनबाई या प्रवासात नव्हत्या; मुलांच्या परीक्षा होत्या. पण काळजी सर्वांत अधिक त्यांना. "भर समुद्रात काकांना काही झाले तर डॉक्टर कोठून आणायचा?" हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. त्यावर दादा शांतपणे म्हणाले, "सूनबाई, विमानात तरी डॉक्टर कोठे ठेवलेला असतो? मला जाफना पाहायचे नाही ग. मला ते पाणी ओलांडायचे आहे."

घरातील वृद्धांच्या बाबतीत आपण सारेच हळूहळू एक गोष्ट करू लागतो. त्यांच्या हिताचे जे आपल्याला दिसते तेच त्यांना हवे आहे असे धरून चालतो. त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांच्या वाटेचे निर्णय आपण घेतो, आणि त्यात माया असते यात शंका नाही. परंतु त्या मायेपोटी माणसाच्या हातून त्याची इच्छा काढून घेतली जाते, हे ध्यानी येत नाही. त्या दिवशी वाद वाहनांचा दिसत होता. खरा प्रश्न हा प्रवास कोणाचा, हा होता.

तोड निघाली ती स्वयंपाकघरातून. माझी पत्नी म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तर जाताना भाऊजींच्या मनासारखे आणि येताना मुलांच्या." डॉक्टरांनी तिन्ही वाहनांना संमती दिली, अट एवढीच की दोन रात्री ओळीने गाडीत काढायच्या नाहीत आणि पेसमेकरचे ओळखपत्र सतत जवळ बाळगायचे. नोव्हेंबरपासून बंद असलेली बोट फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली आणि मार्चमध्ये आम्ही निघालो.

डॉक्टरांच्या अटीमुळे तंजावरला दोन दिवस मुक्काम घडला. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला, आणि तो मराठीत आहे. बीदरसारख्या कन्नड मुलखात मराठी जपणाऱ्या आम्हा माणसांना तमिळ देशातील दगडावर ती अक्षरे वाचताना काय वाटले, हे या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. दादा बोटाने अक्षरे दाखवीत मोठ्याने वाचीत होते. विमानाने गेलो असतो तर ही भिंत आमच्या पायांखालून निघून गेली असती.

नागपट्टिणमला बोटीच्या आदल्या दिवशीच पोचलो. सकाळी बंदरावर पारपत्रांची आणि सामानाची तपासणी विमानतळासारखीच. बैठका आत, काचेआड, वातानुकूलित. निघाल्यावर तासाभराने लाटांनी बोट झुलू लागली, तेव्हा तरुण मुलाने डोळे मिटून घेतले आणि पत्नीने आलेपाकाची पुडी सोडली. दादा मात्र काचेला चिकटून बसले होते. आधी आपला किनारा पुसट झाला, मग नुसते पाणी राहिले. कांकेसंतुराईची रेघ दिसू लागली तेव्हा त्यांनी हात जोडले. ते कोणाला जोडले, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या कीरिमलै येथील समुद्रकाठच्या गोड्या पाण्याच्या कुंडात त्यांनी स्नान केले आणि वडिलांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडले.

परतताना पलाली विमानतळावरून सव्वा तासात चेन्नई आणि तेथून दुसऱ्या विमानाने हैदराबाद. रात्री आम्ही बीदरला घरी जेवलो. दादांचे गुडघे दुखू लागले होते, आणि त्या दिवशी विमानासारखे सुख नाही हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. "जाणे पायरीपायरीने असावे, येणे झटकन," एवढेच ते म्हणाले.

ज्यांना या वाटेने जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार शब्द. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ही बोट बंद राहते आणि एरवीही समुद्र खवळला की फेरी रद्द होते. म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रकाची खात्री करून घ्यावी आणि पुढेमागे एकेक दिवस मोकळा ठेवावा. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. ज्यांना बोट लागते, किंवा ज्यांच्यापाशी दिवस मोजके आहेत, त्यांनी निःशंकपणे विमान धरावे. आणि घरात कोणी वयस्कर बरोबर येणार असेल, तर तिकिटे काढण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे.

६ एप्रिल २०२५ रोजी पांबनचा नवा पूल खुला झाला आणि रामेश्वरला आगगाडी पुन्हा जाऊ लागली. दादांच्या वहीत तिसरे कात्रण आले आहे. या वेळी मुलाने विमानाचे नावच काढले नाही. आणि सूनबाईंनी परीक्षा संपल्याबरोबर खालच्या बाकाची तिकिटे मिळतील का, याची चौकशी चालविली आहे.