दोर वर कशाला बांधलाय?



मे 2018 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेच्या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. ते ऐकून आमच्या गिरडची पोरंही "सर, आपण कातळ तरी चढू" म्हणून मागे लागली. पालकांचा प्रश्न ठरलेला: दोर तुटला तर? चढाईचा चांगल्या स्थितीतला दोर पोराच्या वजनाने सहसा तुटत नाही. विचारायचं ते हे, की वर तो कशाला बांधलाय.

टॉपरोप पद्धतीत दोर खालून माथ्यावरच्या कड्यांपर्यंत जातो आणि वळून खाली येतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला, दुसरी बाजू खाली सांभाळणाऱ्याकडे. हात सुटला तर मूल तिथंच लटकतं. गंमत अशी, की 40 किलोचं पोर लटकलं तर वरच्या बांधणीवर जवळजवळ दुप्पट ओढ येते (घर्षणाने थोडी कमी), कारण खालचा माणूसही दोर ओढून धरतो. विहिरीच्या कप्पीसारखंच.

म्हणून बांधणी दोन वेगळ्या भक्कम जागी. एक सुटली तर दुसरीनं धरलं पाहिजे. दोन्ही पट्ट्यांमधला कोन लहान हवा. हे मी नववीला शाळेतल्या दोन कडुलिंबांना ताणकाटे लावून दाखवलं. मध्ये 10 किलोचा पाण्याचा डबा. कोन 60 अंश असताना प्रत्येक काट्यावर सुमारे 5.8 किलो. पट्ट्या फाकवून 120 अंश केले, तर दोन्हींवर 10-10! "सर, काटा बिघडला," एक मुलगी म्हणाली. काटा बरोबर होता.

आता दगड. फरीदबाबांच्या टेकडीवरचे गोळे, व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी ज्यांची आख्यायिका, ते झिओलाइट खनिजाचे. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेले. (टेकडी श्रद्धेची जागा, तिथं चढाईचा विषयच नाही.) पोरांना एवढं कळलं, की काळा दगड दिसतो तेवढा भरीव असेलच असं नाही. ठोकून बघायचा. पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. झाड जिवंत, जाड बुंध्याचं, मुळं घट्ट धरलेलं हवं. स्क्रूची कडी दोन, तोंडं उलटसुलट. ती कातळाच्या धारेखाली लोंबती, म्हणजे दोर घासत नाही. काठावर काम करणारा आधी स्वतःला बांधून घेतो. हे वाचून कुणी स्वतःच बांधायला जाऊ नका; प्रशिक्षित माणूसच हवा.

आमच्या प्रशिक्षकांना ओढ्याकाठच्या कातळावर एकच झाड मिळालं. मागचा दगड ठोकला तर डबडब वाजला. त्यांनी दोर गुंडाळला. पोरं हिरमुसली. एक वडील म्हणाले, "एकाच झाडाले बांधलं असतं तं काय झालं असतं गुरुजी? आमी विहिरीत असेच तं उतरतो."

"भाऊ, तुम्ही उतरता तेव्हा वर दोर कोणी धरत नाही?"

"धरते ना. दोघं-तिघं धरते." मग ते गप्प झाले.

आता आमच्या संमतीपत्रात दोन रकाने वाढलेत: बांधणी कुणी केली, कुणी तपासली. दोन्हीकडे एकच नाव असेल तर मी पोरांना कातळाजवळ नेत नाही.